गैरहजर माणसाचं नाव

यामिनीची नोकरी ऐकून चाळीतले लोक हसत. दिवसभर एसीत बसून भुतं लिहायची आणि वर पगार घ्यायचा, ही कसली नोकरी? पण खरं तेच होतं. इंदूरच्या विजय नगरात एका शोरूमच्या वर चार खोल्यांची कंपनी होती आणि ती मोबाइलवरचा एक खेळ तयार करत होती. खेळात चाळीस विचित्र प्राणी पकडून आपल्या फौजेत जमवायचे. त्यातले सहा भुताटकीचे. त्या सहांच्या जन्मकथा तीन-तीन ओळींत लिहायच्या आणि वाचणाऱ्याच्या अंगावर काटा आणायचा, एवढंच यामिनीचं काम.

पाच झाले. सहाव्यापाशी घोडं अडलं.

"ये सब फीका है यार," कंपनीचा मालक हृषीकेश म्हणाला. "हाडं, कवट्या, वटवाघुळं... पोरं हसतील. कुछ अपने इंदौर का टाक ना. परवा फायनल द्यायचंय."

इंदूरचं म्हटल्यावर यामिनीला आपले बाबाच आठवले. शंकरराव तिथल्या एका कापड मिलच्या विणकाम खात्यात जॉबर होते, म्हणजे मागांवर माणसं लावणारे. मिल बंद पडून अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ते घरात असून नसल्यासारखे. संध्याकाळी मिलच्या बंद गेटपर्यंत चालत जायचे, तिथे काही वेळ उभं राहायचं आणि परत यायचं, एवढाच दिनक्रम. बायको-मुलीशी दोन शब्द बोलतील तर शपथ. यामिनीला भूत तर हवंच होतं. पण त्याहून जास्त तिला बाबांचा आवाज हवा होता.

त्या रात्री वीज गेली असताना, कंदिलाच्या उजेडात तिनं विचारलं, आणि नवल म्हणजे ते बोलले.

"बदली कामगार गेटवर उभे राहायचे," शंकरराव म्हणाले. "ज्यानं खाडा केला, त्याच्या मागावर त्यातला एक मी लावायचो. मग दिवसभर त्याला त्या गैरहजर माणसाच्याच नावानं हाक मारायची. हजेरीत तेच नाव असायचं ना. पाळी सुटली की गेटवर त्याला त्याच्या खऱ्या नावानं बोलवायचं. तेव्हाच तो मोकळा. आमच्या खात्याचा रिवाजच होता तो. मी कधी चुकलो नाही. एकदा सोडून."

"केव्हा?"

"मिल बंद झाली त्या दिवशी. भर पाळीत भोंगा वाजला. सगळे बाहेर. एक बदली मागाशी उभाच राहिला. नवा होता. मला त्याचं नावच आठवेना, यामिनी. मी ओरडलो, 'अरे भिया, चल!' त्यानं नुसतं पाहिलं... मग गेटला ताला पडला."

"आणि तो?"

"दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं. आत कोणी नव्हतं. बिजली तर आदल्या दिवशीच कापलेली. पण तो एक माग चालू होता."

यामिनीची आई सुनंदा दारातून ऐकत होती. तिनं कंदिलाची वात कमी केली.

"हे लिहू नको," शंकरराव म्हणाले. "बिलकुल नाही. त्याला अजून कोणी सोडलेलं नाही."

यामिनीनं लिहिलं. आता तिला दोष देणं सोपं आहे. पण अकरा वर्षांनी बाप बोलला होता, आणि त्याचे शब्द कुठेतरी राहावेत असं तिला मनापासून वाटलं. प्राण्याचं नाव ठेवलं 'बदली'. खाली तीन ओळी: हा स्वतःचं नाव विसरला आहे. ज्याची जागा रिकामी असेल, त्याच्या नावाला हा ओ देतो. याला घरी सोडणारं नाव कोणालाच ठाऊक नाही.

हृषीकेश खूश झाला. "क्या बात है! आता एकदा चालवून बघ."

चालवायचं तर खेळात एक गैरहजर माणूस लागत होता. फोनच्या पडद्यावर रिकामी चौकट लुकलुकत होती. मिलमधल्या कोणाचं नाव घालावं? निम्मे तर देवाघरी गेलेले. मेलेल्याचं नाव भुताला देणं तिला अभद्र वाटलं. जिवंत माणसाचं, आपल्याच माणसाचं द्यावं म्हणून तिनं टाइप केलं, 'शंकर'. हजेरीत आपण धडधाकट माणसाचा खाडा मांडला, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. चौकट मिटली. बारीक आवाजात फोन म्हणाला, 'ओ.'

ती टेंपोनं घरी आली तेव्हा दिवेलागणीची वेळ होती, पण दिवे नव्हते. विजेची कटौती चालू होती. जिना चढतानाच खळीचा आंबूस वास आला. कोऱ्या कापडाला येतो तसला. लहानपणी बाबांच्या कपड्यांना तो यायचा. तिला बरंच वाटलं, आणि मग आठवलं, मिल बंद पडून अकरा वर्षं झाली.

"आलीस?" आई दारातच भेटली. तिचा चेहरा खुलला होता. "हे आज लवकर आले. जेवायला बसलेत. किती बोलतायत गं... मिलचं, लग्नातलं, सगळं." ती वाढायला लगबगीनं आत गेली.

आतल्या खोलीत कंदिलापुढे कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. खांदे बाबांचेच. हात मात्र जेवत नव्हते. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, माग चालवावा तसे ताटावरून सारखे फिरत होते.

मागे जिन्यावर चपला वाजल्या. सावकाश, एकेक पायरी. यामिनीनं वळून पाहिलं. गेटपर्यंतची फेरी संपवून शंकरराव वर आले होते. उंबऱ्यापाशी ते थबकले. त्यांनाही वास आला असावा.

"लिहिलंस ना? नाव कोणाचं घातलंस?" त्यांनी हळू विचारलं.

तिला रडू फुटलं. "तुमचं..."

शंकरराव रागावले नाहीत. जॉबरच्या नजरेनं त्यांनी आतल्या पाठीकडे पाहिलं. ओठ हलले, त्या बदलीचं खरं नाव शोधत राहिले आणि थांबले. मग ते म्हणाले, "मला हाक मार. नावानं. बघू."

बापाला नावानं हाक मारायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिनं डोळे मिटून म्हटलं, "शंकर..."

"ओ!" आतून आलं. लगेच, हजेरीत देतात तसं.

उंबऱ्याबाहेर शंकररावांचं तोंड ओ द्यायला उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. मग भिंतीला टेकून, कोणाच्या वाटेत येऊ नये असे, ते अंग चोरून उभे राहिले.

"आत या ना, बाबा!"

"जागा भरली," ते म्हणाले. "पण माणूस आहे, एखाद दिवशी खाडा करेलच. मी रोज सकाळी येऊन उभा राहत जाईन." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नजरेत ओळख नव्हती, नुसती आशा होती. "तेव्हा माझं तेवढं बघा, ताई."

"यामिनी," आतून आई म्हणाली, "दार लाव गं. हे बोलावतायत तुला."