चादरीचं दुसरं टोक

मोठी चादर एकटीनं घडी घालता येत नाही असं नाही, पण ते नुसतं गुंडाळणं होतं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात मी आणि लवंगी जन्मभर समोरासमोर उभ्या राहिलो. नावाप्रमाणेच एवढीशी आणि तिखट, अंगठ्याला कायम चिकटपट्टी. तिचा उजवा गुडघा कामातून गेलेला, म्हणून ती भिंतीपाशी, इस्त्रीयंत्राच्या वाफेत उभी राहायची, मी समोर घड्यांच्या टेबलापाशी, आणि चालायचं काम माझ्याकडे. चादर ताणायची, ती एक झटका द्यायची, मग मी माझी टोकं घेऊन तिच्यापर्यंत जायचे. "ये की, पाय मोडलेत का तुझे?" असं तिनंच म्हणायचं.

ती गेली आणि मला काही गोड लागेना. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, सख्खी बहीण गेल्यासारखं काय करतेस?"

"सख्खी तू आहेस ना. तुझ्याशी कधी एवढं बोलले का मी?"

खोटं नव्हतंच ते.

नवी बाई मिळेपर्यंत एकटीनं रेट, असं मुकादमीण म्हणाली. मी चादरीचं दुसरं टोक भिंतीतल्या हुकाला अडकवून काम चालवायला लागले. एका सकाळी सवयीनं, हुकाचं विसरून, चादर भिंतीकडे फेकली. ती खाली पडली नाही. वाफेत जाऊन ताठ झाली आणि तिकडून एक झटका आला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आधी पंखा बंद केला. चादर ताठच. मग वाटलं, असू दे, कोण का असेना. आणि ढसाढसा रडले. किती आठवण येत होती तिची, ते तेव्हा कळलं मला.

टोकं घेऊन चालत गेले. वाफेपाशी पोचायच्या आतच तिकडची टोकं अलगद माझ्या हातात आली. बोटं मात्र लागली नाहीत. मला ती बोटंच हवी होती.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की संपतं, एवढं मला कळतं. रोज जरा पुढे जायचे. चादरी त्याच, तेवढ्याच, पण चालणं वाढत चाललं होतं. मुकादमीण म्हणाली, "रिकाम्या खोलीत हसतेस कुणाशी?" मी म्हटलं, "तुमच्याशी हसायची सोय आहे का?"

मग ती म्हणाली, "उद्या नवी येतेय. सुटलीस बाई."

तिथं दुसरी कुणी उभी राहिली, तर लवंगी कुठं जाईल?

त्या दुपारी मी वाफेपाशी थांबलेच नाही. चालत राहिले. यंत्रांचा आवाज कमी कमी होत गेला, मग आलाच नाही. मागं वळून पाहिलं, तर आमचं टेबल काडेपेटीएवढं दिसत होतं.

मग बोटं लागली. ओलसर, गार. अंगठ्याला तीच चिकटपट्टी.

"लवंगे, मला नाही परत जायचं."

तिनं माझी बोटं घट्ट धरली. कितीतरी वेळ.

मग झटका दिला.

मी टेबलापाशी उभी होते. समोर चादर, घडी घातलेली.

सकाळी उठले तर उजवा गुडघा वाकेना. पडले नव्हते, लागलं नव्हतं. वरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काही सापडलं नाही.

नवी चांगली निघाली. बोलघेवडी, दोन पोरांची आई. माझं लंगडणं पाहून म्हणाली, "ताई, तुम्ही तिथं भिंतीपाशी उभ्या राहा. चालायचं मी बघते."

मी वाफेत उभी राहिले. चादर ताणली, झटका दिला. ती टोकं घेऊन निघाली. आली तेव्हा तिला दम लागला होता.

"एवढीशी खोली, पण तुमच्यापर्यंत यायला केवढं चालावं लागलं हो," ती हसून म्हणाली.

मग तिनं मागं वळून टेबलाकडे पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं.