दुसरा ठोका

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझी मावसबहीण एंजेला थापा मारणाऱ्यातली नाही, आणि हे तिच्याच बाबतीत घडलंय.

सप्टेंबर २०२३. भर दुपार. नगर जिल्ह्यातला एक साखर कारखाना. नाव मुद्दाम सांगत नाही.

हंगाम अजून सुरू व्हायचा होता. गिरणीचा गिअरबॉक्स ज्या लोखंडी सांगाड्यावर बसतो, त्याचे चोवीस जोड एंजेलाला तपासायचे होते. तिने सही केली तरच दुसऱ्या दिवशी ट्रायल. आणि ट्रायलला त्या सांगाड्याला खेटून उभा राहणार होता तेलपाणी बघणारा गोरक्ष.

तिचे वडील गिदोन तिथेच फिटर होते. मागच्या हंगामात, त्याच सांगाड्यापाशी, छातीत कळ येऊन गेले.

माती दिली तेव्हाही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. जेवायची, झोपायची, कामाला जायची. आत सगळं बधिर.

काम तसं साधं. जोडाला सेन्सर चिकटवायचा आणि हातोडीने एकच ठोका द्यायचा. जोड कसा थरथरतो, किती वेळात शांत होतो, हे लॅपटॉप दाखवतो. त्यावरून घट्ट की सैल ते कळतं. दोन ठोके पडले, तर ते माप रद्द.

पहिला जोड. तिने एक ठोका दिला.

पडद्यावर दोन...

हात उसळला असेल म्हणून पुन्हा मारला.

दोन.

तू ठोकलंस का, म्हणून गोरक्षला विचारलं, तर तो हाताची घडी घालून लांब उभा होता. आता तिने कान दिला. तिच्या ठोक्यानंतर... सावकाश... पलीकडून दुसरा ठोका.

पलीकडे कोणी नव्हतं.

गोरक्षचा चेहरा उतरला. "ताई, गिदोनमामा आसंच करायचे. आदी एक ठोका, मंग कान लावून दुसरा."

एंजेलाला भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. ती जोडामागून जोड ठोकत गेली. सगळीकडे दोन.

एकोणिसावा जोड.

ठोका दिला. थांबली...

पलीकडे शांतता.

लॅपटॉपने माप लगेच घेतलं. जोड चांगला, म्हणे. अठरा रद्द, आणि हा एकटा पास.

"पप्पा दुसरा ठोका केव्हा द्यायचे नाहीत?" तिने विचारलं.

"बोल्ट गेला आसंल तर. त्याला मामा परत हातच लावत न्हवते. खोलायला लावायचे."

तिने खोलायला लावला. बोल्ट निघाला तो अर्ध्याहून जास्त चिरलेला. चिरेत जुना गंज. ट्रायलला तो तुटला असता, तर गोरक्ष समोरच होता.

नवा बोल्ट बसवून चोवीसही जोड पुन्हा तपासले. सगळीकडे एकच ठोका. तिने सही केली.

मग ती एकोणिसाव्यापाशी परत गेली आणि ठोकत राहिली. दहा वेळा, वीस वेळा... शेवटी गोरक्षने हातोडी काढून घेतली. तेव्हा कुठे ती रडली.

ट्रायल नीट झाली. गोरक्ष धडधाकट आहे. पण परवा एंजेला जे बोलली, त्यानंतर माझी झोप उडालीय.

"तो चिरलेला बोल्ट माझ्या कपाटात आहे. दर हंगामाआधी मनात येतं... एकदा परत लावून बघावा, पप्पा ठोकतात का."

यंदाची तपासणीही तीच करणार आहे.