खालचा आकडा

शहराच्या टोकाच्या वॉरिगल फ्लॅट वस्तीतल्या बसथांब्यावरच्या फलकावर दोन आकडे होते. वरचा आकडा पुढची बस किती मिनिटांनी येणार ते सांगत होता: अठ्ठेचाळीस. खालचा आकडा होता तीन.

"तीन!" ब्रेट कॅलहनने फलकाचा फोटो काढला. तो परिवहनमंत्र्यांचा सल्लागार होता आणि सकाळपासून भलताच खुशीत होता. "शाल्मली, तुझं यंत्र म्हणजे सोनं आहे. आता इथली बस बंद केली तर कुणाची बोलायची टाप नाही."

शाल्मली नाडकर्णी खालच्या आकड्याकडे बघत होती. यंत्र तिचंच होतं. भौतिकशास्त्र शिकून ती ऑस्ट्रेलियात वाहतूक नियोजनाच्या कामात आली, तेव्हा तिला एक गोष्ट खटकली होती. परिवहन खातं बसमध्ये चढलेली माणसं मोजायचं. ज्यांना चढताच आलं नाही, ती कुणाच्या हिशेबात नव्हती. म्हणून तिने 'अकृतप्रवास' मोजायची रीत शोधली. अमुक ठिकाणी कसं जाऊ, असं माणूस फोनला विचारतो. दोन तास लागतील असं उत्तर आलं, की बेत सोडून देतो. मग फोन नाव-पत्ता न सांगता एवढंच कळवतो, की एक प्रवास व्हायचा राहिला. दिवसभरातल्या अशा प्रवासांची बेरीज म्हणजे खालचा आकडा. तो राज्यातल्या प्रत्येक थांब्यावर दाखवणं आता कायद्याने सक्तीचं होतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, हार्टली पार्कमध्ये, तो आकडा शेकड्यांत असे. तिथली विधानसभेची जागा अगदी काठावरची, म्हणजे थोड्या मतांनी कुठल्याही पक्षाकडे झुकणारी होती, आणि तिथे नवा रेल्वेफाटा न्यायचा असं मंत्र्यांच्या मनात होतं. वॉरिगल फ्लॅट मात्र सत्ताधाऱ्यांची पक्की जागा. पक्क्या जागेला कुणीच काही देत नाही. एका पक्षाला गरज नसते, दुसऱ्याला आशा नसते. आणि आता शाल्मलीच्याच आकड्याचा दाखला देऊन इथली एकुलती एक बसही जाणार होती.

बाकावर एक उंच, रुंद खांद्यांची, मूळ टोंगा बेटांवरची बाई चेंडूंची जाळी मांडीवर घेऊन बसली होती. मेले टाउफा. वस्तीतल्या मुलींना नेटबॉल शिकवायची.

"तुम्ही आज फोनला विचारलंत का, कुठे कसं जायचं ते?" शाल्मलीने तिला विचारलं.

"फोनला?" मेले मोठ्याने हसली. "उत्तर पाठ आहे, लव्ह. विचारायचं कशाला? आमची टीम दर शनिवारी हरते, ती न खेळताच. मैदानापर्यंत पोचली तर खेळेल ना!"

"बघ," ब्रेट हळूच म्हणाला, "मागणीच नाही."

शाल्मलीने पुन्हा फलकावरच्या तीनकडे पाहिलं. आपण लोकांची इच्छा मोजतो आहोत, अशी तिची समजूत होती. प्रत्यक्षात ती फक्त त्यांचं विचारणं मोजत होती. ज्यांनी विचारणंच सोडलं, त्यांचा आकडा शून्याकडेच जाणार.

"पटलं," तिचा विभागप्रमुख डग फेरिस दुपारी तिचं ऐकून म्हणाला. "पण सिद्ध कसं करणार? त्यांनी पुन्हा विचारावं म्हणून आधी बस धावायला हवी. बसला मंजुरी हवी. आणि मंजुरी ब्रेटच्या खिशात."

शाल्मलीची नजर त्याच्या मागच्या नकाशावर गेली. वसंतात रुळांच्या कामासाठी पश्चिमेचा रेल्वेमार्ग दोन आठवडे बंद राहणार होता, आणि तेवढे दिवस गाड्यांऐवजी बदली बस धावणार होत्या. या देशात बदली बसइतकं दुसऱ्या कशालाही कुणी मनापासून शिव्या घालत नाही. पण ती फुकट असते, दर दहा मिनिटांनी येते, आणि ती कुठल्या रस्त्याने जाणार हे शाल्मलीचाच विभाग ठरवत असे.

"हमरस्ता तेव्हा खणलेला असेल," ती म्हणाली. "बस वॉरिगल फ्लॅटमधून वळवू या."

"वेळ जास्त लागेल. लोक मला शिव्या घालतील."

"ते तसेही घालतात."

"हेही खरंच," म्हणत डगने सही केली.

पहिले दोन दिवस वॉरिगल फ्लॅटमधून कुणीही चढलं नाही. बस वाट चुकली असावी, असंच सगळ्यांना वाटलं. मेलेने तर चालकाला रस्ता समजावून सांगायला सुरुवात केली होती. शनिवारी मात्र ती सगळ्या मुलींना घेऊन बसमध्ये शिरली. टीम सणसणीत हरली, पण खेळून हरली, आणि परतताना पूर्ण बस त्यांच्या गाण्यांनी दणाणली. पुढच्या आठवड्यात बसायला जागा मिळेना.

मग रेल्वे सुरू झाली आणि बस गेल्या.

दुसऱ्या दिवशी शाल्मली थांब्यावर आली. घरटं राखणारा एक मॅगपाय पक्षी सायकलस्वारांच्या शिरस्त्राणांवर झडप घालत होता. फलकावरचा वरचा आकडा पुन्हा अठ्ठेचाळीस. खालचा आकडा तिच्या डोळ्यांदेखत हलत होता. दुपारपर्यंत त्याने सहाशेचा टप्पा ओलांडला. लोक फलकापाशी थांबून बघत होते. अडकलेले आपण एकटेच, असं इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत आलं होतं. संध्याकाळी कुणीतरी तो आकडा शाळेच्या भिंतीवर खडूने मोठा काढला. दर दिवशी तो पुसून नवा, वाढलेला आकडा लिहिला जाऊ लागला.

मंत्री जोन हरग्रीव्ह यांनी शाल्मलीला बोलावलं, तेव्हा सरकार काळजीवाहू व्हायला एकच दिवस उरला होता. त्यानंतर निवडणुकीपर्यंत कुठलाही मोठा निर्णय घेता येणार नव्हता.

"पक्की जागा आहे, जोन," ब्रेट म्हणाला. "तिथे पैसा घालणं म्हणजे वाया."

"पक्की होती." मंत्र्यांनी फोन त्याच्यासमोर धरला. मेले टाउफाने अपक्ष म्हणून लढायचं जाहीर केलं होतं. तिच्या टी-शर्टवर नाव नव्हतं, फक्त कालचा आकडा होता.

"नेटबॉलची बाई?" ब्रेट हसला.

"आपल्याकडे मतदान सक्तीचं आहे, ब्रेट. बसने न येणारा माणूस मत द्यायला येतोच." त्या शाल्मलीकडे वळल्या. "ही जिंकेल?"

"निवडणुकीबद्दल मी बोलू शकत नाही. आकड्याबद्दल विचारा."

"बरं. आकडा खरा आहे?"

"नाही," शाल्मली म्हणाली. "खरा याहून मोठा असणार."

मंत्री खळखळून हसल्या. "हार्टली पार्क आणखी थोडं थांबेल. त्यांना विचारत राहायची सवय आहे." आणि त्यांनी वॉरिगल फ्लॅटमध्ये दर दहा मिनिटांनी धावणाऱ्या बसजाळ्यावर सही केली.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या आवारात रिवाजाप्रमाणे सॉसेज भाजल्याचा वास दरवळत होता. मेले थोडक्यात हरली. निकाल ऐकून तिने शाल्मलीला उचलूनच घेतलं. "आता आम्ही काठावरचे झालो, लव्ह! आता दोन्ही पक्ष आमच्याकडे धावत येतील!"

बस सुरू झाल्या आणि खालचा आकडा झरझर उतरून जवळपास शून्यावर आला. खात्याने केक कापला. पण शिशिर संपतासंपता तो हळूहळू पुन्हा चढू लागला. यंत्र बिघडलं, असं डगला वाटलं. शाल्मलीने ठिकाणं तपासली. लोक संध्याकाळच्या महाविद्यालयाचा रस्ता विचारत होते. कुणी विचारत होतं, समुद्राकडे कसं जायचं.

तिने राज्याचा नकाशा उघडला. आजवर ती नेहमी मोठ्या आकड्यांनी उजळलेले थांबे बघत आली होती. आज तिने ते मिटवले आणि शांत, काळे, समाधानी दिसणारे ठिपके तेवढे ठेवले. नकाशा त्यांनी गच्च भरला होता.

यांतले खरे शून्य कोणते?