चाकामागचा ठोकळा

“थांबू नका म्हणजे थांबू नका,” ती पुन्हा म्हणाली. “हळू न्या, पण न्या.”

“आणि गिअरबॉक्स जळाला म्हणजे? नवा काय तुझ्या माहेरून येणार आहे?”

नवऱ्याच्या तोंडी माहेर आलं की भांडण लांबणार, हे बायकोला सांगावं लागत नाही. हे तर घाटाच्या पायथ्यापासून चाललं होतं. गाडी त्याची, ऑटोमॅटिक गिअरची. मागे ट्रेलर, आणि ट्रेलरवर दगड कापायचं यंत्र, गाडीहून कितीतरी जड. वरच्या खाणीत ते पोचतं करायचं, एवढंच काम. दुपार नुकती कलली होती, पण धुकं असं उतरलं होतं की आरशात ट्रेलरचं मागचं टोक दिसत नव्हतं.

चढ लागताच त्याने वरचे गिअर बंद करून गाडी दुसऱ्यातच अडकवून ठेवली होती. नाहीतर अशी गाडी ओझ्याखाली आपल्या मनाने गिअर वर-खाली करत बसते आणि आतलं तेल तापतं. तेल तापलं की पातळ होतं, पातळ झालं की पकड सुटते, पकड सुटली की ते आणखी तापतं. संसाराचंही तसंच असतं. एकदा तापायला लागला की आपोआप निवत नाही. एवढी काळजी घेऊनही तेलाच्या तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला होता, आणि गाडीत करपलेल्या साखरेसारखा वास भरला होता.

उपाय तिलाही माहीत होता. गाडी थांबवायची, पण इंजिन न्यूट्रलवर चालूच ठेवायचं, म्हणजे तेल पुढच्या रेडिएटरच्या जाळीतून फिरून निवतं. मात्र एवढं वजन चढावर नुसत्या ब्रेकवर किती वेळ धरणार? आणि पार्किंगला टाकलं तर सगळा भार आतल्या बोटभर खिळीवर येतो आणि ती मोडते. म्हणून त्यांची ठरलेली रीत होती. ड्रायव्हरने ब्रेक दाबून बसायचं. शेजारच्याने उतरून ट्रेलरच्या चाकांमागे लाकडी ठोकळे लावायचे, बाजूला व्हायचं आणि मग पत्र्यावर हाताने दोन ठोके द्यायचे. ते ऐकले की ड्रायव्हरने पाय उचलून वजन ठोकळ्यांवर टेकू द्यायचं.

पूर्वी उतरणारा माणूस त्याचा थोरला भाऊ असे.

याच वळणावर, असंच तेल तापलं म्हणून दोघे भाऊ थांबले होते. थोरला ठोकळे घेऊन मागे गेला. याने दोन ठोके ऐकले आणि पाय उचलला. ट्रेलर हातभर मागे सरकला. माणूस जायला हातभर पुरतं. थोरला अजून चाकामागे वाकलेलाच होता.

मी ठोके ऐकले, असं तो आईला सांगत राहिला, पोलिसांना सांगत राहिला. भावजय त्या दिवसापासून त्याच्याशी बोलली नाही. त्याचं ताट वाढते, तोंडाकडे बघत नाही. बायकोने रडणाऱ्या नवऱ्याला छातीशी धरलं, रात्र रात्र जागली, जगाशी त्याच्या बाजूने भांडली. विश्वास तेवढा ठेवला नाही. भास झाला असेल तुम्हाला, म्हणायची. भास हा शब्द तो गिळून टाकी. त्यामागे एक वाईट शब्द होता, घाई. तो तिने कधी उच्चारला नाही, पण त्याला तो रोज ऐकू येई.

“थांबू दे मला,” तो आता म्हणाला. “पकड सुटायला लागलीय.”

“थांबा. मी मागे वाकून ठोकळे लावते, आणि तुम्ही ठोके ऐका.”

तोंडातून गेलं ते गेलंच. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. चेहरा मात्र विझल्यासारखा झाला.

“म्हणजे इतकी वर्षं...”

पुढचं राहून गेलं. इंजिन एकदम ओरडलं, पण गाडी जागची हलेना. त्याने ब्रेक दाबला आणि गिअर न्यूट्रलवर आणला. धुकं काचेला येऊन चिकटलं.

भांडायला काही उरलं नव्हतं, तरी ती भांडली. तुम्ही उतरा, ब्रेक मी दाबते, म्हणाली. पाय बदलताना ट्रेलर ओढून दरीत नेईल, तो म्हणाला. तेही खरंच होतं.

“जा,” तो म्हणाला. “ठोके आले तरी उचलणार नाही. तू दारात येऊन तोंड दाखवशील, तेव्हाच... शपथ.”

तिने पायाशी ठेवलेले ठोकळे मांडीवर घेतले. दाराच्या कडीवर हात ठेवला.

तेव्हा मागे पत्र्यावर ठोका पडला. जोरात. मग दुसरा, हलका, थकल्या बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसा. तिच्या थोरल्या दिरांची ती सवयच होती.

कडीवरचा हात कडीवरच राहिला. ठोकळे मांडीवर होते.

शपथ तोंडाने घेतली होती, पायाला ती कुठून कळणार? तो पाय वर्षानुवर्षं त्याच ठोक्यांवर उचलला गेला होता. आत्ताही उचलला गेला. ट्रेलर हातभर मागे सरकला आणि टेकला. लाकडावर टेकताना खट्ट वाजतं. तसं वाजलं नाही. मऊ टेकला, त्या दिवशी टेकला होता तसा.

गाडी थांबून राहिली. ब्रेकवर कुणाचाच पाय नव्हता. काटा हळूहळू लाल रेघेवरून खाली यायला लागला.

तो समोरच्या धुक्याकडे बघत होता. म्हणाला, “भास असेल.”

“नाही,” ती म्हणाली. “मलाही ऐकू आले.”