रुळाचे तीन टोले

ऐकलं सगळ्यांनी होतं. आलं कोणीच नाही. भर दुपारी एक म्हातारा दारातल्या कडुलिंबाला टेकून लोखंडावर टोले मारतो, आवाज गल्लीच्या त्या टोकापर्यंत जातो, आणि दहा घरांतल्या दहा कड्या जागच्या हलत नाहीत. तीस उन्हाळे ज्याच्या बोअरचं पाणी प्यालात, त्याच्यासाठी वीस पावलं चालवली नाहीत तुमच्याच्यानं?

शहरातल्या चौबे कॉलोनीतल्या आपल्या खोलीवरून आबांच्या घरी बीरगांवला येताना मोनालीनं ही वाक्यं मनात इतक्यांदा म्हटली होती, की ती घासून धारदार झाली होती. कोणाच्या तोंडावर फेकायची, तेवढं ठरायचं होतं.

तसं आजचं काम साधंच. आबा जाऊन बावीस दिवस झाले होते. आजीच्या पेन्शनसाठी त्यांचं सर्व्हिस बुक हवं होतं. आजी दुसऱ्याच दिवसापासून भिलाईला, मोनालीच्या आईबाबांकडे. घराला कुलूप, आणि किल्ली मोनालीकडे.

आबा, म्हणजे गुलाबराव, रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत फिटर होते. रिटायर होताना सोबत्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. यांनी स्वतःहून मागून आणला तो हातभर लांबीचा रुळाचा तुकडा. फाटकावर झुकलेल्या कडुलिंबाच्या फांदीला तो तारेनं टांगला आणि वाजवायला एक जाडजूड बोल्ट ठेवला. उन्हाळ्यात गल्लीचे नळ कोरडे पडत, तेव्हा रोज चार वाजता आबा आपल्या बोअरचा पाइप भिंतीवरून रस्त्यात सोडत आणि रुळावर पाच टोले मारत. पाच म्हणजे पाणी. विदर्भातले, बिहारचे, इथले छत्तीसगढिया, सगळ्यांचे हंडे एका ओळीत. पुढे कोणाचा, मागे कोणाचा, हे आबांनी कधी विचारलं नाही आणि कोणाला विचारू दिलं नाही.

तीन टोले म्हणजे मोनाली. लहानपणी ती कोणाच्याही घरात खेळत असो, तीन टोले पडले की शेजारणीच तिला बाहेर काढत. "जाय वो पोट्टी, तुहा आबा बलावून राहिला." मग ती धावत वळणावर दिसली, की आबा एकच हलका टोला मारत. गाडी पोहोचली.

आबा गेले त्या दिवशी आजी अभनपूरला लग्नाला गेली होती. चार वाजले तरी पाण्याचे टोले पडले नाहीत म्हणून लोक बघायला आले, तर आबा झाडाखाली बसल्या बसल्या गेलेले. मुठीत बोल्ट. तो बोल्ट मोनालीनं कोणाला दिला नाही. तेव्हापासून तो तिच्या बॅगेत होता.

मोनाली गल्लीत शिरली तेव्हा पावणेदोन झाले होते. लाइट गेलेली, त्यामुळे एकही कूलर घरघरत नव्हता. गरम वाऱ्याची लू भिंतींना घासत चालली होती. कुलूप काढून ती आत गेली आणि दारातच थबकली. तीन आठवडे बंद असलेल्या घरात ओल्या मातीचा वास होता. अंगणात पाणी नुकतंच शिंपावं तसा.

"मोरीचा असेल," ती मोठ्यानं म्हणाली. बंद घरात स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

सर्व्हिस बुक पेटीत सापडलं. इतक्यात शेजारच्या वनमालाकाकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्या आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच तांब्या पुढे केला.

"उन्हाचं काहून आली वो? सकाळी यायचं."

मोनालीनं तांब्या घेतला नाही. "काकू, त्या दिवशी आवाज ऐकला होता तुम्ही?"

"हव."

"मग आल्या काहून नाही?"

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. "कागद भेटले ना तुले? घे अन् जाय. दोन वीसच्या आधी जाय."

"दोन वीसला काय आहे?"

"वाजते."

"काय वाजते?"

"रूळ. त्या दिवशीच्याच टायमाले रोज वाजते, बाई..." काकूंचा आवाज खाली गेला. "आम्ही बाहेर कोणाले बोलत नाही. तुहे आबाच सांगत होते ना, भूतबित काही नसते म्हणून. लोकायले समजलं तर हसतीन त्यायच्यावर."

मोनालीला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग राग. हीच माणसं! जिवंतपणी हाक ऐकू आली नाही, आणि आता मेल्यावर ऐकू येते! "वाजवायचा बोल्ट माझ्याकडे आहे, काकू. आबा काय हातानं मारतात?" तिनं बॅगेत हात घातला आणि बोल्ट काढून काकूंसमोर धरला.

बोल्ट गंजलेला होता, तिला पक्कं आठवत होतं. आता त्याचं डोकं लखलखत होतं. रोज ठोकून ठोकून घासावं तसं. गेले काही दिवस बॅगेच्या तळाशी तांबूस भुकटी साचत होती. कोणत्या तरी वहीचा रंग उडाला असेल, असं म्हणून ती झटकून टाकत होती.

काकूंनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला.

"पाच असते तर हंडे घेऊन धावलो असतो आम्ही. वेळ नव्हती, तरी धावलो असतो..."

"मग किती होते?"

"तीन."

लू क्षणभर थांबल्यासारखी झाली.

"तीन तर तुहे असते ना, बाई. आम्हाले वाटलं, पोट्टी आली शहरातून, जेवाले बलावून राहिले. म्या तर आमच्या मालकाले म्हटलंही, आज गुलाबरावच्या घरी मजा आहे..."

त्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी मोनालीचा फोन वाजला होता. स्क्रीनवर 'आबा'. ती अंगणवाडी सेविकांच्या धरण्यात होती, माइक नुकताच हातात आलेला, समोर दोनशे बाया. तिनं फोन कापला आणि लिहिलं, 'नंतर करते'. दोन वीसला तिच्या भाषणाला टाळ्या पडत होत्या. हे तिनं आजीला सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही.

सकाळपासून धार लावलेली वाक्यं अजून तोंडातच होती. आता ती गिळायची कशी, ते कळत नव्हतं.

ती बोल्ट घेऊन अंगणात आली, फाटकाशी उभी राहिली. दोन अठरा. समोरचं दार उघडलं. मग त्याच्या शेजारचं. कोणी कोणाला हाक मारली नाही. त्या दिवशी जी हलली नव्हती ती सगळी दारं एकेक करून उघडली आणि माणसं उंबऱ्यांवर येऊन उभी राहिली. समोरच्या सरितानं डोक्यावर ओढणी घेतली.

"दीदी, वहाँ से हट जाओ..." ती कुजबुजली. "रोज यही टाइम होता है."

मोनाली हटली नाही. गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं, कान ताठ. पानही हलत नव्हतं. रूळ तारेला सरळ लोंबत होता.

आणि मग सगळ्यांचे खांदे एकदम दचकले. काकूंचे, सरिताचे, दूरच्या त्या शेवटच्या घरातल्या बाईचेसुद्धा. मोनालीला काहीच ऐकू आलं नाही. तिनं कान दिला, श्वास रोखला, डोळे मिटले. काही नाही.

"आबा..." तिनं हात वर करून रुळाला लावला. मे महिन्याच्या उन्हात सकाळपासून तापलेलं ते लोखंड गार होतं. रांजणाच्या तळासारखं गार. आणि ते तळव्याखाली थरथरत होतं, नुकताच टोला पडल्यासारखं, बारीक, खोलवर, थांबता थांबत नव्हतं.

उंबऱ्यांवरची माणसं अजून वाट पाहत होती. दुसऱ्याची, तिसऱ्याची. सरिताचे ओठ मोजण्यासाठी उघडले होते ते तसेच राहिले. एकमेकांकडे बघून मग सगळ्यांनी मोनालीकडे पाहिलं.

कोपऱ्यावरच्या ओट्यावर म्हातारे श्यामराव इकडे पाठ करून बसले होते. उरला गावच्या कारखान्यात कान गेले त्याला वीस वर्षं झाली. कानाशी थाळी वाजवली तरी त्यांना कळत नसे. मोनाली आली तेव्हा ते झोपलेले होते, आणि ती आल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बहिरी माणसं बोलतात तसे ते मागे न वळता मोठ्यानं म्हणाले,

"आज एकच वाजला वो! गुलाबरावची पोट्टी पोहोचली वाटते."