रिकाम्या घराची ऊब

धानोऱ्यापासून नऊ किलोमीटर आत, जंगलाच्या कडेला, बाळंतपणाआधी बायांनी येऊन राहायचं एक घर बांधून तयार होतं. तिथे हीटर किती लागतील ते ठरवायचं काम चंद्रपूरच्या निशातकडे आलं. गणित साधं होतं. दिवसाचं सरासरी तापमान अठरा अंशांच्या जितकं खाली, तितके अंश त्या दिवसाच्या नावे धरायचे. थंडीभरातल्या अशा अंशांची बेरीज म्हणजे डिग्री-डे. घर किती तापवावं लागेल ते त्यावरून कळतं.

जानेवारीत तिनं आपोआप नोंद ठेवणारा एक तापमापक बाहेर लावला, एक आत, आणि घराला कुलूप घातलं. आठवड्यानं येऊन आकडे पाहिले. बाहेरची सरासरी चौदा. आतली अठरा.

या आकड्यांवर एकही हीटर मंजूर झाला नसता, आणि निशातला गारठलेल्या गरोदर बाया चालणार नव्हत्या. तिनं तापमापक बदलले. छपरावर ऊन येत नव्हतं. वीज अजून जोडलीच नव्हती. मग भिंतींतून, पत्र्यातून किती ऊब निसटते ते तिनं मांडलं आणि तेवढी भरून काढायला आत काय हवं ते काढलं. बारा माणसांच्या अंगाची ऊब.

घराची राखण मंगलीबाईंकडे होती. निशातनं त्यांना विचारलं, "इथी कोणी झोपाले येते का?"

"किल्ली तं तुमच्यापाशी हाय," मंगलीबाई म्हणाल्या. मग हळूच, "मी खिडकीतून पाह्यते, बाई. आत पाय ठेवाले जागाच नाई रायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला निशात आत गेली आणि दार लावून बसली. खोली रिकामी होती. नव्या चुन्याचा वास येत होता, आणि त्याखाली घामाचा, धुराचा. ती हलली नाही. दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहीत राहिली.

दुपारी तिनं वही मिटली.

"इथी पोटुशा बाया येणार हायेत," ती रिकाम्या खोलीकडे पाहून शांतपणे म्हणाली. "त्यायले जागा पाहिजे."



चारला ती उठली. दार उघडलं आणि धरून उभी राहिली.

"कोणाची वाट पाहून राह्यल्या, बाई?" मंगलीबाईंनी अंगणातून विचारलं.

निशात वाट देत थोडी बाजूला सरली. थोड्या वेळानं तिनं दार लावलं.

पुढच्या आठवड्यात आतली सरासरी चौदावर आली. दोन हीटर मंजूर झाले, बसले. पहिली बाई राहायला आली.

चंद्रपुरात थंडी कडाक्याची होती. एका सकाळी निशातची आई, सुरय्या, अंगावरची शाल काढून म्हणाली, "घरात पाहुणे भरल्यावानी उकडून राह्यलं, बेटा. गॅलरीचं दार खोल जरा."

निशात दारापाशी गेली. काचेवर आतून वाफ धरली होती. एकसारखी नाही. वेगवेगळे गोल, श्वासाएवढे. दोन गोल अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर.

ती पाहत असतानाच त्यातला एक पुसट झाला, आणि पुन्हा दाटला.