सोळा इंचांची पेटी

माझं मनगट त्यानं पहिल्यांदा धरलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो घड्याळाकडे बघत होता. बाहेर पाऊस खिडकीच्या काचेवरून ओघळत होता, कंपनीच्या कॅन्टीनमधली टेबलं भिंतीला सरकवलेली होती आणि मी धापा टाकत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते.

"श्वास रोखू नका," तो म्हणाला.

"रोखायला उरलाय कुठे?"

तेव्हा मात्र त्यानं वर बघितलं. ओठ हसले नाहीत, डोळे हसले. मग घाईघाईनं पुन्हा घड्याळाकडे वळून तो पुटपुटला, "थांबा... आकडा सुटला माझा."

त्याचं नाव अभिनव. अमरावतीचा. शारीरिक शिक्षणाच्या एम.ए.सारख्या कुठल्याशा पदवीसाठी पुण्यात आलेला. निरनिराळ्या कामांतल्या बायकांचा दमसास मोजायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा, हे त्याचं काम. २००५ साल होतं. हडपसरला नवी ऑफिसं भराभर उभी राहत होती, आणि आमच्या कंपनीला अचानक आमच्या तब्येतीची काळजी वाटू लागली होती. फिटनेस सप्ताह ठरला. कंपनीला फुकटात तपासणी मिळाली, त्याला फुकटात आकडे.

तपासणी साधी होती. एका लाकडी पेटीवर यंत्राच्या टिकटिकीच्या तालात चढायचं, उतरायचं. मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटं. मग तो तीनदा नाडी मोजणार आणि गुण काढणार. पुरुषांची पेटी वीस इंच उंच, बायकांची सोळा. मी दोन मिनिटं चाळीस सेकंदांत खाली उतरले. गुण पन्नास. कार्डावर शेरा: 'पुअर'.

रोज गाडीतळावर पीएमटीच्या बसमागे धावणारी मी, शर्मिला, पुअर.

एरवी मी ते कार्ड फाडून चहा प्यायला गेले असते. पण जर्मनीतल्या क्लायंटकडे वर्षभरासाठी आमच्यातला एक टेस्टर जायचा होता. तीन वर्षं राबून मी माझं नाव त्या यादीत पहिलं आणलं होतं. आधी गेलेला मुलगा तिकडे आजारी पडून परतला, तेव्हापासून एचआरच्या हेमा मॅडमनी नियम केला होता: 'पुअर' असेल तो जाणार नाही. यादी शुक्रवारी जाणार होती. माझ्यानंतर नाव श्यामचं. तो लिफ्ट बंद असली की घरून काम करायची परवानगी मागायचा. त्याचा शेरा 'गुड'.

"मनाला लावून घेऊ नकोस गं," हेमा मॅडम म्हणाल्या. "आपल्या बत्तीस मुलींपैकी अठ्ठावीस पुअर आहेत. बायकांचं असंच असतं."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं.

माझं कामच सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं. दोनचार जणी नापास झाल्या तर त्यांच्यात काही कमी असेल. अठ्ठावीस झाल्या, तर आधी परीक्षा तपासायची. मी तरातरा कॅन्टीनमध्ये परत गेले. अभिनव सामान आवरत होता. मी सरळ त्याच्या पेटीपाशी गुडघे टेकले आणि विती मोजायला लागले.

"काय करून राहिल्या तुम्ही?"

"मोजून राहिले."

त्याची भाषा त्याच्यावरच उलटवल्याचं त्याला कळलं. कान लाल झाले. "ती सोळा इंची आहे. कसब्यातल्या सुतारानं खास बनवून दिली."

"माझी आई ब्लाऊज शिवते. टेप सापडला नाही की माझा हात मागते. माझी वीत सात इंचांची. सोळा म्हणजे दोन विती आणि वर दोन बोटं-तीन बोटं काय ती. इथे अडीच विती होऊन वर आणखी उरतंय."

तो हसला. मग हसायचा थांबला. पिशवीतून टेप काढून त्यानं पेटीला लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा उलट्या बाजूनं.

एकोणीस इंच.

सुतारानं सोळा इंच धरले होते ते आतल्या पोकळीचे. वरची जाड फळी आणि खालची चौकट त्यानं हिशेबात घेतलीच नव्हती. आणि पाच महिने बायकांना मोजत फिरणाऱ्या या माणसानं स्वतःची पेटी एकदाही मोजली नव्हती. पुरुषांची पेटी कॉलेजची होती, जुनी आणि बरोबर.

"आणखी कुणाकुणाला चढवलंत हिच्यावर?" मी विचारलं.

"कारखान्यातल्या साठ जणी. मांजरी गावात उसात काम करणाऱ्या ऐंशी... आणि तुम्ही."

"उसातल्या बायकांचा शेरा काय आला?"

"पुअर," तो टेपकडे बघत म्हणाला.

"दिवसभर उसात राबणाऱ्या बायका पुअर? आणि तुम्हाला शंका आली नाही?"

"आली होती," तो हळू आवाजात म्हणाला. "वाटलं, आहार कमी पडत असेल. त्यावर एक प्रकरण लिहिलंय मी... चांगलं जमलंय."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी त्याची दयाही आली. तो जमिनीवरच बसला होता, टेप हातात तसाच. खरं तर त्याच क्षणी मला तो आवडला. पण राग आधी आला होता, त्यामुळे रागाचा मान पहिला.

खाली टपरीवर आम्ही चहा घेतला. छपरातून ठिबकणारं पाणी त्याच्या खांद्यावर पडत होतं आणि त्याला पत्ता नव्हता. मी त्याला बाहीला धरून इकडे ओढलं. बाही सोडायला मला जरा उशीरच झाला.

"पंधरा दिवसांत प्रबंध द्यायचा आहे," तो म्हणाला. "हे सांगितलं तर सगळे आकडे बाद. वर्ष जाईल माझं." मग ग्लासात बघत म्हणाला, "असं करू का... सुताराकडून तीन इंच कापून आणतो. तुमची एकटीची चाचणी परत घेतो. तुमचं जर्मनीचं काम होऊन जाईल. बाकी कुणाला..."

"बाकीच्या सत्तावीस जणी?"

"त्यांना कुठे जायचंय?"

मी ग्लास खाली ठेवला. "त्यांना कुठेही जायचं नसेल. पण उद्या हेमा मॅडम म्हणतील, बायकांचं असंच असतं. तुमच्या प्रबंधात छापून येईल, बायकांचं असंच असतं. मग पुढच्या वर्षी कुणाला जायचं असेल, तिला तुमचं पुस्तक दाखवतील. अशा मेहेरबानीवर मला जर्मनीच काय, स्वारगेटलाही जायचं नाही."

मी भिजत निघून आले. मागे वळून पाहिलं नाही. घरी मात्र आईच्या मशीनशेजारी बसून रडले. जर्मनीसाठी की त्याच्यासाठी, ते आईनं विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नसतं.

शुक्रवारी सकाळी ऑफिसात पोचले तर कॅन्टीनच्या दाराशी गर्दी. आत अभिनव उभा, शेजारी पेटी. तीन इंच कमी झालेली, कापल्या जागी लाकूड पांढरं दिसत होतं. समोर हेमा मॅडम, हाताची घडी घालून.

"चूक माझी आहे," तो सांगत होता. "पेटी चुकीची होती. या मुलींचे सगळे शेरे खोटे आहेत. माझ्या मार्गदर्शक सरांना काल सांगितलं. कारखान्यात आणि मांजरीलाही जाऊन सांगून येणार आहे. आज इथल्या सगळ्यांची चाचणी मी परत घेतो."

"यादी दुपारी जायची आहे," हेमा मॅडम म्हणाल्या.

"मग मी पहिली," मी म्हणाले आणि चपला काढल्या.

टिकटिक सुरू झाली. वर, खाली. पहिली दोन मिनिटं काही वाटलं नाही. तिसऱ्या मिनिटाला पोटऱ्या भरून आल्या. चौथ्याला घाम डोळ्यांत गेला, आणि आमच्या टीममधली नम्रता मोठ्यानं मोजायला लागली, मग सगळ्याच जणी. पाच मिनिटं पुरी झाली तेव्हा मी उभीच होते.

अभिनव मात्र जागचा हलला नाही. "मॅडम, नाडी तुम्ही मोजा," तो म्हणाला.

"मी का? तज्ज्ञ तुम्ही."

"मी मोजली तर... आकडा चुकेल." त्याचे कान पुन्हा लाल. "मागच्या वेळी माझ्या लक्षात आलं. मी हात धरला की यांचे ठोके कमी होण्याऐवजी वाढतात. आणि माझी मोजणी सुटते. म्हणजे दोष दोन्हीकडे आहे."

सगळ्या जणी माझ्याकडे वळल्या. श्याम दाराशी चहाचा कप घेऊन उभा होता, तोही प्यायचा विसरला.

मी हात पुढे केला. "वाढू देत. तुम्हीच मोजा. तरी पास होऊन दाखवते."

त्यानं माझं मनगट धरलं. या वेळी घड्याळ हेमा मॅडमनी धरलं होतं, म्हणून त्याला दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती. ठोके वाढले. चांगलेच वाढले. मला कानात ऐकू येत होते.

गुण त्र्याहत्तर. सरासरीच्या बरेच वर. हेमा मॅडमनी आकडेमोड स्वतः दोनदा करून पाहिली आणि माझ्या नावापुढे सही केली. दुपारपर्यंत बत्तीसपैकी पंचवीस जणी पास झाल्या होत्या.

संध्याकाळी तो जिन्यात पेटीवर बसलेला सापडला. मी दोन पायऱ्या खाली उभी राहिले.

"कधी निघणार?" त्यानं विचारलं.

"वीस तारखेला. एक वर्ष."

"मलाही वर्ष लागेल. सगळ्या बायका पुन्हा मोजायच्या." त्यानं पेटीच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "मी तुम्हाला काही विचारणार होतो. पण आज विचारलं तर तुम्ही अडकून पडाल. तिकडे जा, शांतपणे विचार करा, मग..."

"माझा विचार झालाय. मी जर्मनीला जाणार, आणि परत आले की तुमच्याशी लग्न करणार. दोन्हींतलं काहीही सोडणार नाही. आज घरी सांगते आहे. आमची जात वेगळी, तुमची वेगळी, आरडाओरडा होईल तो होऊ दे. तुम्ही तुमच्या घरी कधी सांगताय?"

तो पेटीवरून उठला. मग खिशातून मोबाईल काढला, रेंज यावी म्हणून जिन्याच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि अमरावतीला फोन लावला. आवाज ठाम होता.

"आई, जेवली का? ऐक ना. एक मुलगी आहे... नाही, तिला दाखवायला नाही आणणार मी. वर्षभरानं तीच येईल, तुला बघायला."